तिरपा फोटो

लंगडत आलेल्या माणसाला पाणी आणायला पाठवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भूममधल्या माझ्या छोट्या दवाखान्यात भानुदासमामा एक्स-रे काढायचे. पाय दुखतोय म्हणून कुणी त्यांच्या खोलीशी आलं की मामा आधी त्याच्या हातात तांब्या द्यायचे आणि व्हरांड्याच्या टोकाच्या माठाकडे बोट दाखवायचे. "तेवढं पाणी आणता का, पाव्हणं?" बिचारा पेशंट कण्हत कण्हत जायचा आणि मामा दाराला टेकून त्याच्या पाठीकडे बघत राहायचे. आणलेलं पाणी स्वतः कधी प्यायचे नाहीत, खिडकीखालच्या जास्वंदीला घालायचे.

मला हा शुद्ध उद्धटपणा वाटला. एकदा विचारलं तर म्हणाले, "समोरनं समदेच नीट चालत्यात, साहेब. डॉक्टर बघतोय म्हणल्यावर मानूस सांभाळून पाय टाकतंय. पाठ फिरली का मग खरं चालतंय."

मामा धनगराच्या घरातले. शाळा सांभाळून मेंढरांमागं फिरले, बारावी झाले आणि एक्स-रेचा कोर्स करून पांढरा कोट चढवला. मेंढरांमागून चालणाऱ्याला जन्मभर मागचे पायच दिसतात, ती नजर कोटाखालीही तशीच राहिली. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, पण मला नेहमी "साहेब" म्हणत. पेशंटशी मात्र त्यांची थट्टा चालायची. "हालू नगा. फोटो लग्नाचा न्हाय, हाडाचा हाय. हसलं तरी चालंल."

त्यांची आणखी एक सवय होती. पायाचे दोन फोटो लिहून दिले, एक वरून आणि एक बाजूनं, की दोन मिनिटांत दारातून डोकं आत यायचं. "साहेब, एक तिरपा घेऊ का?" मी तेव्हा नवा होतो, भिंतीवरच्या पदवीची काच अजून चकचकीत होती, आणि त्या प्रश्नानं माझं डोकं फिरायचं. मी बहुतेक वेळा नाही म्हणायचो.

ईट गावचा एक शेतकरी त्याच्या मुलीला, अश्विनीला घेऊन तिसऱ्यांदा आला, तो दिवस मला विसरता येत नाही. पोर सातवीत. ढेकळांतून चाललं की पाय मुरगळतो आणि मग आठ आठ दिवस दुखतो, एवढीच तक्रार. आधी दोनदा मी लचक म्हणून पट्टी बांधून पाठवलं होतं. या वेळी तिला टेबलावर झोपवलं, पाय दाबून पाहिला, दोन फोटो काढायला लावले. सूज नव्हती, हाड मोडलेलं नव्हतं. बाहेर गर्दी वाढत होती.

"हाड शाबूत आहे," मी बापाला म्हणालो. "पोरीला शाळेला दांडी मारायची आहे, दुसरं काही नाही."

बापानं तिथंच तिच्या मुस्काटात दिली. पोर रडली नाही. बापाकडे तर तिनं पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहिलं.

मामा दारातच होते. "साहेब, जरा मागनं बघा हिला. चवड्यावर उभं ऱ्हायलं का टाच आत वळाया पायजे. हिची वळंना. एक तिरपा घेऊ का?"

बाहेरच्या बाकांवर पंधरावीस माणसं बसली होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मामा, ही माणसं आहेत, तुमची मेंढरं नाहीत. तुम्ही फोटो काढा, डॉक्टरकी मी करतो."

लोक हसले. आणि खरं सांगायचं तर, ते हसले याचं मला बरं वाटलं.

"बरं, साहेब," एवढंच मामा म्हणाले. मग फिल्म ओली आहे, वाळायला वेळ लागेल, असं सांगून त्यांनी बापलेकीला जरा वेळ आपल्या खोलीत बसवून ठेवलं. त्यानंतर पाकीट हातात देऊन पाठवलं.

सहासात महिन्यांनी सोलापूरच्या एका हाडांच्या सर्जनचा फोन आला. बाप शेवटी तिला तिकडे घेऊन गेला होता. पोरीच्या टाचेचं हाड आणि त्याच्या पुढचं हाड जन्मापासूनच एकमेकांना जोडलेली होती. वाढत्या वयात तो जोड कडक झाला आणि पायाला आत-बाहेर वळायला जागाच उरली नाही, म्हणून तो सारखा मुरगळायचा. आधी प्लास्टर घालून पाहिलं, तरी दुखणं राहिलं. मग ऑपरेशन करून मधला तुकडा काढला आणि हाडं पुन्हा जुळू नयेत म्हणून तिथं तिचीच चरबी भरली.

"आता मस्त चालते," सर्जन म्हणाले. "पण श्रेय तुमचं. सरळ फोटोत हे दिसत नाही. तुमच्या पाकिटात तिरपा फोटो होता म्हणून पहिल्याच दिवशी कळलं. तुम्हाला कसं सुचलं?"

मामा समोरच उभे होते, एक फिल्म खिडकीच्या उजेडात धरून. मी म्हणालो, "हो, जरा शंका आली होती."

पुढच्या आठवड्यात बाप पेढे घेऊन आला आणि माझ्या पाया पडला. मी मामांकडे बघायचं टाळलं. मामाच त्याला म्हणाले, "साहेबांनी सांगितलं म्हणून काढला म्या फोटो. साहेबांची नजर लई बारीक."

त्यानंतर सहा वर्षं मामा माझ्याकडे होते. मी लिहीन तेवढेच फोटो काढायचे. हाताचा असो, खुब्याचा असो, दारातून डोकं घालून त्यांनी मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. त्या सहा वर्षांत माझ्या नजरेतून किती जणांचं दुखणं निसटलं असेल, कुणास ठाऊक. मी मात्र डॉक्टरांच्या बैठकीत अश्विनीची केस माझी म्हणून दोनदा सांगितली. टाळ्याही घेतल्या.

गेल्या वर्षी मामा वारले. दहाव्यानंतर मी त्यांच्या वस्तीवर भेटायला गेलो. मामींनी चहा केला. मामांचा फोटो समोर होता, आणि एवढ्या वर्षांत जे जमलं नाही ते तिथं कसंबसं तोंडातून निघालं. "मामी, ईटच्या त्या पोरीचं निदान माझं नव्हतं. मामांचं होतं. मी खोटं बोललो."

मामींनी पदरानं बशी पुसली. "ठावं हाय की, साहेब. पोरीचा बाप पेढे घिऊन आला त्याच दिशी सांगितलं हुतं त्यांनी. म्या म्हनलं, मग बोलायचं की समद्यांपुढं. तर म्हनले, 'आपल्या भागात डॉक्टर हायेत किती? ह्यांच्यावरला इस्वास उडाला तर लोकांनी जायचं कुठं?' घरात कुनी बोलायचं न्हाय म्हनून ताकीद दिली हुती."

"घरात सगळ्यांना माहीत होतं?"

"व्हय. पोराला बी, सुनंला बी."

मामांचा मुलगा आणि सून त्यांच्या दोन्ही लेकरांना लहानपणापासून माझ्याकडेच आणतात. मी लिहून देईन ते औषध, एक शब्द न विचारता, घेऊन जातात.