आबांची जीप आणि माझा नकाशा

आमच्या घरी कोणी मेलं नव्हतं, तरी दोन वर्षं सुतक चालू होतं. काचबिंदूनं आबांची नजर गेली आणि माणूस बाजेवर पडला तो पडलाच. जन्मभर वारंगा फाटा ते कळमनुरी काळीपिवळी जीप हाणलेला माझा बाप, आता दिवसभर भिंतीकडं तोंड करून राहायचा. जेवायला बोलावलं की म्हणायचा, "काहून?" आता माणसानं कशासाठी जेवायचं, हे काय सांगायचं?

जीप अंगणात लिंबाखाली उभी होती. तिचीही तीच गत. आत फक्त खुडूक कोंबडी बसायची. (तेवढीच सवारी, तीही फुकट!)

माझ्या मनानं घेतलं, की जीप चालू झाली तर आवाज ऐकून आबा उठतील. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण नकाशा काढायला कोणाच्या बापाची भीती? मोबाईलवरून कंपनीचा वायरिंगचा नकाशा उतरवला आणि कार्डशीटवर झकास रंगीत काढला. लाल वायर लाल, हिरवी हिरवी. मग बॉनेट उघडलं. आत सगळ्या वायरी काळ्या! आबांनी इतक्या वर्षांत कंपनीची एकही वायर शिल्लक ठेवली नव्हती. जी तुटली तिच्या जागी गावात जी सापडली ती.

शेवटी बाजेपाशी जाऊन विचारलं, "आबा, हॉर्नची वायर कोणती?"

भिंतीकडून आवाज आला. "इस्माईलच्या चक्कीची. चक्की बंद पडली तवा देली त्यानं."

हेडलाईटची मारुतीरावांच्या मोटारीची निघाली, विहीर आटल्यावर काढलेली. वायपरची एका मंडपातली, आणि ते लग्नही मोडलेलं. आमच्या जीपमध्ये एक वायर सुखानं आलेली असेल तर शपथ! मी रंगांचा नाद सोडला आणि नवा नकाशा काढला. रंगांच्या जागी माणसांची नावं. हेडलाईट, कै. मारुतीराव. ब्रेकलाईट, कै. गंगाराम. इस्माईलचाचा सोडले तर सगळेच वर गेलेले. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो पाहिला आणि विचारलं, हा जीपचा नकाशा हाय का तेराव्याची पत्रिका.

पण आबा काठी टेकत बाहेर येऊ लागले. जीपजवळ खुर्ची टाकून बसायचे, बोटांनी वायरी चाचपायचे, तिथंच जेवायचे, वर भाजीत मीठ न्हाई म्हणून भांडायचे. आम्हाला ते भांडणही गोड लागायचं. तकलीफ एकच. काल मारुतीरावांची म्हणून सांगितलेली वायर आज गंगारामाची निघायची, उद्या भलत्याचीच. माझे तीन नकाशे वाया गेले. म्हटलं, म्हातारा विसरून राहिला.

सुनंदा हळूच म्हणाली, "ते इसरत न्हाईत. तुमचा नकाशा पुरा झाल्यावर त्यांना कोण इचारंल?"

मी ऐकलं नाही. (मास्तरांना ऐकायची सवय नसते.) नवी बॅटरी आणली, बल्ब लावून एकेक वायर स्वतः तपासली आणि आबांना न विचारता नकाशा पुरा केला. चावी फिरवली आणि जीप चक्क चालू झाली! हॉर्न वाजला, दिवे लागले, गल्ली गोळा झाली. मी नकाशाला लॅमिनेशन करून तो स्टिअरिंगजवळ टांगला आणि छाती फुगवून मागं वळलो. खुर्ची रिकामी होती. आबा बाजेवर, तोंड भिंतीकडं. जेवायला बोलावलं तर पुन्हा तेच, "काहून?"

स्वतःच्या हातानं बापाला पुन्हा बाजेवर पाडलं होतं मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर झोपल्यावर मी चोरासारखा बॉनेटपाशी गेलो आणि घाईघाईत हाताला येतील त्या वायरी उपसल्या. मग आत येऊन आबांना सांगितलं, जीप बंद पडली.

"नकाशा हाय न्हवं तुझा?"

"हाय, पण उपेग न्हाई त्याचा."

आबा उठले. बॉनेटमध्ये हात घालून बराच वेळ चाचपत राहिले. मग म्हणाले, "वायरी कोणीतरी उपसल्यात."

"उंदीर असंल, आबा."

"व्हय," आबा म्हणाले. "मास्तरकी करणारा दिसतोय." आणि हसले. दोन वर्षांनी हसले हो! मला रडूच आलं, म्हणून मी उगीच टायरमधली हवा बघत बसलो.

आता महिना होत आला. खोटी बिघडवलेली जीप खरीच बिघडली आहे. आम्ही बापलेक रोज तिच्यात डोकं घालतो आणि अंधार पडला की आबा हात पुसत म्हणतात, "उद्या बघू." मग दोन भाकरी जास्त खातात. परवा सुनंदानं मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या दोघांपैकी जीप दुरुस्त करता येत असून येत नसल्याचं सोंग नक्की कोण करून राहिलंय?

मी म्हणालो, आबाच. मला खरंच येत नाही.