ऊब

मी जो काही आहे तो सुमनसिस्टरांमुळे. तालुक्याच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि घरातला पहिला पदवीधर व्हायला निघालेला मी तिथे शिकाऊ होतो. "आधी स्वतःचे तळवे चोळ रे बाबा, मग नाडी बघ. आजारी माणसाला बर्फ काय लावतोस?" असं त्या म्हणायच्या.

पुढे मी अतिदक्षता विभागात काम केलं, डायलिसिस शिकलो, एम.एस्सी. झालो. आता नर्सिंग कॉलेजात शिकवतो. आज वॉर्डात एका विद्यार्थिनीने आजीबाईंची नाडी बघण्याआधी स्वतःचे तळवे चोळले. कुणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणाली, "तुम्हीच की, सर." माझी मान खाली गेली.

गेल्या वर्षी सुमनसिस्टर यजमानांना घेऊन आमच्याच रुग्णालयाच्या हृदयविभागात आल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं, "या कोण?" मी म्हणालो, "गावाकडच्या ओळखीच्या आहेत." सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. "हो, जुनी ओळख आहे," एवढंच त्या बोलल्या आणि यजमानांचा हात हातात घेण्याआधी सवयीने तळवे चोळू लागल्या.

पदव्या लिहायला अर्जात रकाने असतात. ऊब कुणाकडून घेतली, हे लिहायला रकाना नसतो. पण मला तर तोंडी विचारलं होतं.

आज संध्याकाळी पत्र टाकलं. "सिस्टर, 'या कोण?' असं डॉक्टरांनी विचारलं होतं. या माझ्या शिक्षिका, हे उत्तर मला तेव्हाही येत होतं."