अक्कांचा टमाट्याचा वाफा

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकं टमाट्याला जीव लावणारं माणूस साऱ्या धाराशिव जिल्ह्यात दुसरं नाही, आणि पलीकडच्या लातूर-सोलापुरात असलंच तर त्यानं आधी आमच्या जाऊबाईंना येऊन भेटावं, असं माझं उघड मत आहे. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हणते. मी धाराशिवला शाळेत शिकवते. त्या सास्तूरच्या अलीकडं, आमच्या गावी असतात. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसलेलं हे गाव. रुंद रस्ते, एकासारखी एक घरं, आणि आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा. तिथं बाभळी माजल्या होत्या. अक्कांनी गल्लीतल्या बायकांना गोळा करून ती जागा साफ करवली आणि दोरी धरून प्रत्येकीला एकेक तुकडा आखून दिला. कुणी मेथी लावावी, कुणी वांगी लावावी, अक्कांची काही हरकत नव्हती. फक्त हळूहळू प्रत्येकीच्या वाफ्यात टमाटेच दिसू लागले. "टमाटा न्हाय तर सैपाक कशाचा?" असं त्या इतक्या सहज विचारतात, की मेथी लावणारीला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

अक्का बी विकत आणत नाहीत. त्या बी जमवतात, आणि कुठून जमवतील याचा नेम नाही. लग्नाच्या पंगतीत कोशिंबिरीतली फोड आवडली की ती पदराच्या टोकात बांधली जाते. उमरग्याच्या एका हॉटेलात त्यांनी वाढप्याला बोलावून भाजीतला टमाटा कुठला, असं विचारलं. त्याला सांगता येईना, तेव्हा त्या थेट भटारखान्यात गेल्या आणि एक अख्खा टमाटा घेऊनच बाहेर आल्या. माझे थोरले दीर सोलापूरला अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसासाठी गावाकडून आलेली टमाट्यांची पिशवी अक्कांच्या नजरेस पडली. दिरांना शुद्ध आली तेव्हा त्यांची बायको त्या परक्या माणसाच्या उशाशी बसून त्याच्या शेताची चौकशी करत होती. त्या जातीला आमच्या घरात आजही 'दवाखान्यातला' म्हणतात. 'लग्नातला' लांबट आणि घट्ट गराचा, 'हॉटेलातला' गोल आणि पातळ सालीचा, 'दवाखान्यातला' लिंबाएवढा, पण घोसानं लागणारा. नव्या माणसाला हे ठाऊक नसतं. "आज दवाखान्यातल्याची चटणी केलीय," असं ऐकून माझ्या भावानं भाकरीचा घास हातातच धरून ठेवला होता.

एकदा पुण्याहून कुणा भाच्यानं काळपट टमाट्याचं बी आणून दिलं. झाडं जोमानं वाढली, फळं लगडली, पण रंग बघून गल्लीत कुणी त्यांना हात लावेना. सगळ्यांना ती नासकीच वाटली. अक्का कुणाशी वाद घालत बसल्या नाहीत. घरी पाहुणे आले तेव्हा त्यांनी त्याच टमाट्यांचा रस्सा केला आणि वाढला. पाहुण्यांनी दोन दोन वाट्या रिचवल्या आणि जाताना काळ्या मसाल्याचं कौतुक केलं. अक्का नुसत्या हसल्या. पाहुण्यांची गाडी वळणापलीकडं गेल्यावर म्हणाल्या, "मसाला टाकलाच न्हवता."

वाफ्यात शिरायचे त्यांचे नियम देवळापेक्षा कडक आहेत. दव वाळल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही. पाणी बुडाशी घालायचं, पानावर थेंब उडता कामा नये. तंबाखू खाणाऱ्यानं साबणानं हात धुऊन यायचं, कारण तंबाखूच्या हातानं टमाट्याला रोग लागतो. आमचे दीर पक्के तंबाखूवाले. थोडे दिवस त्यांनी हात धुऊन पाहिले, मग तंबाखू सोडण्याऐवजी वाफा सोडला. आता ते बांधाबाहेर बाजेवर बसून सल्ले देतात आणि अक्का ते ऐकू आलं नाही असं दाखवतात. वाफ्यात भांडायलाही बंदी आहे, त्यानं म्हणे फुलं गळतात. याला शास्त्राचा काय आधार, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "आधार नसंल. पर भांडण तर बंद झालं का न्हाय?"

या सगळ्या जातींत एक जात मात्र अक्कांनी कुणाच्या पंगतीतून उचललेली नव्हती. भूकंपात आमच्या सासूबाई गेल्या. अक्का तेव्हा नवी नवरी होत्या, माहेरी गेल्या होत्या म्हणून वाचल्या. मी तर या घरात फार पुढं आले, सासूबाईंना मी कधी पाहिलंच नाही. पुढच्या पावसाळ्यात अक्का जुन्या गावात गेल्या. घर म्हणजे दगडमातीचा ढिगारा. पण जिथं स्वयंपाकघराची मोरी होती, तिथं टमाट्याची दोन झाडं आपोआप उगवून आली होती. फळ बसकं, पाकळ्या पाडल्यासारखं, आणि आंबट. सासूबाई वरणात घालायच्या तेच. अक्कांनी ते बी आणलं आणि तेव्हापासून दरवर्षी एक ओळ त्याची लावली. सासूबाईंना त्या आत्याबाई म्हणायच्या, म्हणून त्याला 'आत्याबाईंचा' म्हणतात. शेजारणींना तो नको असायचा. साल फाटते, बाजारात टिकत नाही, दिसायला वेडावाकडा. अक्का तेवढ्यापुरतं सगळं ऐकून घेत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले, तेव्हा आभाळ दाटून आलेलं आणि भुरभुर पाऊस. सकाळी अक्का मला वाफ्यात घेऊन गेल्या आणि आत्याबाईंच्या ओळीतलं खालचं एक पान उलटं करून दाखवलं. तपकिरी ठिपका, आत वर्तुळात वर्तुळ, भोवती पिवळी कड. "करपा," त्या म्हणाल्या. मला वाटलं, त्या कुणाला कळू देणार नाहीत. वर्षभर सगळ्या गल्लीला शिकवणाऱ्या बाईच्याच वाफ्यात रोग निघालेला. पण त्या तशाच चिखलाच्या पायांनी निघाल्या आणि घरोघरी जाऊन उंबऱ्याबाहेरूनच सांगू लागल्या, "माझ्या रानात करपा आलाय. तुमची खालची पानं आजच काढा, लांब नेऊन जाळा. माझ्या वाफ्यातनं जाऊ नगा."

एक शेजारीण हसून म्हणाली, "अक्का, तुमच्याबी वाफ्यात येतो व्हय करपा?"

"येतो की," अक्का म्हणाल्या. "म्हणून तर सांगाया आले. हसून घे आन् पानं काढ."

मग दोन-तीन दिवस सगळी गल्ली त्या एका कामाला लागली. एका प्लास्टिकच्या टाकीत मोरचूद, दुसऱ्या टाकीत चुना, दोन्ही भिजवून एकत्र करायचं आणि फवारायचं. बायकांचे हात निळे, पदर निळे, बांधावरून सल्ले देणाऱ्या दिरांची टोपीही निळी. बुडाशी उसाचं पाचट अंथरलं, झाडं काठ्यांना सुतळीनं उचलून बांधली. बाकीच्या ओळी तगल्या. आत्याबाईंची ओळ मात्र वरपर्यंत काळी पडत गेली, खोडांवर डाग आले. अक्कांनी एका सकाळी पदर खोचला आणि पहिलं झाड मुळासकट उपटलं.

"अक्का, एक झाड तरी राहू द्या," मी म्हणाले.

"कुठलं ठेवू? तूच दाव."

मी ओळीवरून नजर फिरवली. दाखवावं असं एकही झाड नव्हतं. "पण बी आहे ना घरात?"

"उंदरांनी डबा पाडला. उरलं तेवढं हितंच पेरलं हुतं." त्यांनी दुसरं झाड उपटलं. "वारं हिकडनं तिकडं जातंय. आपल्या म्हातारीपायी दुसऱ्यांची रानं नासवायची का? आत्याबाई असत्या तर त्यांनीच आधी उपटलं असतं."

मग मीही पदर खोचला. आम्ही दोघींनी ती अख्खी ओळ काढली आणि लांब नेऊन पेटवली. ओल्या झाडांचा धूर डोळ्यांत जात होता, त्यामुळं कोण कशानं डोळे पुसतंय ते कुणी कुणाला विचारलं नाही. ढिगातून अक्कांनी शेंड्याचं, डाग नसलेलं एकच फळ बाजूला काढलं होतं. ते त्यांनी पिकू दिलं, गर वाटीत आंबवून बी धुतलं, राखेत घोळून वाळवलं, आणि त्यातलं निम्मं माझ्या हातावर ठेवलं. "समदं एका जागी ठिवू नये. तू लाव तुझ्या गच्चीत."

त्या हंगामात आमच्या गल्लीत घरोघरी टमाटे पिकले. आजूबाजूच्या रानांत करप्यानं खोडं उभी वाळली होती, आणि आमच्या बायका पाट्या भरून आठवडी बाजाराला जात होत्या. हे मी स्टाफरूममध्ये इतक्या वेळा सांगितलं, की आमचे एक सर मला बघून आपणहून म्हणायचे, "काय, अक्का बऱ्या आहेत ना?"

माझ्या गच्चीतल्या कुंड्यांनी मात्र माझी झोप उडवली. रोज सकाळी फोन. "पाणी बुडाला घातलंस का पानावर? खालची पानं खुडली का? भांडत न्हाय ना तिथं कुणी?" शेवटी फळं धरली, बसकी, पाकळ्यांची. अक्का एस.टी.नं आल्या, चप्पल न काढता गच्चीवर गेल्या, एक फळ तोडून हुंगलं आणि खाली येऊन वरण फोडणीला टाकलं. माझे यजमान भूकंपाच्या वेळी शाळेत जाणारं पोर होते. ते जेवता जेवता थांबले, परत वरण घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, आई असंच करायची का?"

"असंच. गूळ जरा जास्ती घालायच्या."

त्यांनी मान डोलावली आणि भात कालवला.

दुसऱ्या दिवशी मी अक्कांना गावाकडं जाणाऱ्या लोहाऱ्याच्या गाडीत बसवायला गेले. गुडघ्यांमुळं आता त्यांना वाफ्यात बसवत नाही. उभ्या राहून काठीनं दाखवतात, बायका करतात. गाडीची पायरी चढायलाही मला हात द्यावा लागला. खिडकीशी बसल्यावर त्यांनी शेजारच्या अनोळखी बाईला माझ्याकडं बोट करून सांगितलं, "ही आमची धाकटी. आमच्या आत्याबाईंचं बी हिच्यापाशी हाय." त्या बाईला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. गाडी हलली, अक्कांचा हात खिडकीतून दिसेनासा झाला, आणि मी कुंड्यांना पाणी घालायला घरी निघाले.