‘शांत राहा’ या शब्दामागे

आमची एस्तेर तापानं गेली तेव्हा सात वर्षांची होती. सांगलीच्या ख्रिस्ती दफनभूमीत पाळकांनी स्तोत्र वाचलं, आणि त्यातल्या ‘शांत राहा’ या शब्दांसरशी माझी पत्नी सुमती ताडकन उठली. “माझी पोर मातीत घालून वर मलाच गप बसवताय व्हय?” एवढं बोलून ती निघून गेली. त्या दिवसापासून ती चर्चची पायरी चढली नाही आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही आलं नाही. ती शाळेत जाई, मुलांना शिकवी, परत येऊन स्वयंपाक करी. सगळं अगदी वेळच्या वेळी. मी मात्र रविवारी चर्चमध्ये बसत होतो आणि मनातून रिकामा होत चाललो होतो. तिचा प्रश्न मलाही पडला होता. देवानं खरंच दुःखितांना गप बसायला सांगितलं आहे का? तसं असेल तर अशा देवाशी बोलायचं तरी काय?

मी हायस्कुलात भाषा शिकवणारा माणूस. भाषांतरात शब्दाचं काय काय होतं हे मला ठाऊक होतं. म्हणून ठरवलं की बायबलातलं ते स्तोत्र मूळ हिब्रूत वाचायचं. एका जुन्या तक्त्यावरून अक्षरं गिरवली. पण अक्षरं आली म्हणजे भाषा येत नाही. व्याकरण हवं, कोश हवा, आणि सांगलीत ते मिळणं शक्य नव्हतं. अशात कळलं की साताऱ्याचा जुना मिशन बंगला रिकामा होतोय. तिथले परदेशी पाळक मायदेशी परतले होते आणि त्यांची पुस्तकं गरजूंना द्यायची होती. शुक्रवारी रजा टाकून मी एसटीनं साताऱ्याला गेलो. ही १९७३-७४च्या सुमाराची गोष्ट.

बंगल्याच्या राखणदारानं दार उघडतानाच बजावलं, “गुरुजी, एकाला दोनच पुस्तकं न्यायची हायती. बघा, निवडा.” हिब्रूची पुस्तकं एका कपाटात वेगळी लावलेली होती. त्यांतला सर्वांत जाडजूड, चामडी बांधणीचा कोश मी दोन्ही हातांनी उतरवला. मनात आलं, एवढ्या मोठ्या ग्रंथात माझा शब्द नसेल तर कुठं असेल? तो शब्द मी एका कागदावर उतरवून नेला होता. ‘ह’नं सुरू होणारा. ‘ह’ची पानं मागं-पुढं करून थकलो, शब्द सापडेना. त्या थंडगार खोलीत मला एकाएकी फार एकटं वाटलं. मी मान खाली घालून म्हणालो, प्रभू, मला यातलं काही कळत नाही. त्याहून मोठी प्रार्थना मला त्या दिवशी सुचलीच नाही.

“तिथं नाही मिळायचा तो,” मागून आवाज आला.

पांढरा सदरा घातलेले, सत्तरीचे एक गृहस्थ दारात उभे होते. कोयनानगरच्या धरणावरून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे कोकणातले, बेने इस्राएल या तिथल्या ज्यू समाजाचे. हिब्रू पुस्तकांची नावं वाचून देण्यासाठी मिशनच्या मंडळींनी त्यांना शनिवारी बोलावलं होतं. पण शनिवार त्यांचा शब्बाथ, म्हणजे कामं बंद ठेवण्याचा पवित्र दिवस, म्हणून ते आदल्या दिवशीच आले होते. माझ्या हातातला कागद घेऊन ते म्हणाले, “यातला ‘ह’ रूप बनवताना पुढं लागलाय. धातू ‘र’पासून सुरू होतो. तुमच्या हातातला कोश धातूंनुसार लावलेला आहे. फार मोलाचा ग्रंथ, पण धातू ओळखता येईपर्यंत तो तुम्हाला दाराबाहेरच उभा करील.”

मग त्यांनी कपाटातून दोन लहान पुस्तकं काढली. एक धड्याधड्यानं जाणारं व्याकरण, मागं उत्तरं दिलेलं. दुसरा असा कोश की शास्त्रात, म्हणजे बायबलात, शब्द ज्या रूपात येतो त्याच रूपात अक्षरक्रमानं शोधावा. “आता तुम्हीच काढा,” म्हणून त्यांनी तो माझ्यापुढं ठेवला. मी ‘ह’ उघडला आणि शब्द समोरच होता. अर्थ वाचून मी खुर्चीत बसलो. सोडून द्या. सैल सोडा. हात खाली टाका.

“म्हणजे गप बसा असं नाही?”

“तसंही भाषांतर होतं, चूक नाही. पण शब्दाच्या मुळाशी हात आहे, तोंड नाही.”

त्यांनी विचारलं, मूळ हिब्रू शास्त्र आहे का घरी? नव्हतं. “मग नुसता कोश घेऊन वाचणार काय?” असं म्हणून ते राखणदाराकडे वळले. “मलाही दोन पुस्तकं घ्या म्हणालात ना? त्यातलं एक यांना द्या. माझ्या घरी वडिलांचं आहे.” त्यांनी हिब्रू शास्त्र उघडून ते स्तोत्र संथ, कोकणी हेलात वाचलं. मला दोन-चारच शब्द कळले, तरी मी शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागतो, त्याआधी घर गाठायचं म्हणून ते घाईनं निघाले. माझं दुःख मी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नाही.

घरी आलो तेव्हा सुमती तांदूळ निवडत होती. मी तिला शब्दाचा अर्थ सांगितला. तिचे हात चालूच होते. मग तिनं विचारलं, “म्हंजे रडायची मनाई न्हाई?”

“नाही गं.”

सूप तसंच ठेवून ती रडली. मी जवळ बसून राहिलो, मीही रडलो. त्यानंतर संध्याकाळी आम्ही दोघं एकाच कंदिलाशी हिब्रूचे धडे गिरवू लागलो. क्रियापदांत ती माझ्या पुढं गेली. माझी उत्तरं ती शाळेतल्यासारखी लाल पेन्सिलीनं तपासायची. पुढच्या नाताळात ती आपण होऊन माझ्याबरोबर चर्चला निघाली.

त्या दिवशी ते गृहस्थ का आले, याचं सरळ कारण मी वर लिहिलंच आहे. त्याला चमत्कार म्हणावं की नाही, याचा वाद मी घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की मी देवाला जाब विचारायला पुस्तकं शोधत होतो, आणि देवानं जाबाआधी सोबत दिली. मुठी आवळून धरलेलं दुःख त्याच्या हाती सोडता येतं, हे मला हळूहळू समजलं. एस्तेरचं नाव आता आम्ही घरात मोठ्यानं घेतो. कधी रडत, पुष्कळदा हसत.