धुरपताबाईचा अंगठा

निताच्या हाताखालून गेलेलं नाव पुन्हा साधं राहत नसे. कळमनुरीत शिवहारच्या फ्लेक्सच्या दुकानात ती डिझाइन करायची, आणि आसपासच्या गावांतल्या पोरांना आपली सही तिच्याकडूनच करून हवी असायची. सही म्हणजे कागदावरची नव्हे; मोबाइलच्या स्टेटसला, बॅनरच्या कोपऱ्यात मिरवायची. नावामागे धूर, त्यावर काचेचे तुकडे, त्यावर निळा-जांभळा उजेड, असे तीस-तीस थर ती एकावर एक चढवायची. शेवटी नाव कुणाच्या बापाला वाचता येत नसे, आणि गिऱ्हाईक नेमकं त्यावरच खूश असे.

तिची एक खोड मात्र होती. सगळ्यात खालचा थर ती इंटरनेटवरून उचलत नसे. भेगाळलेल्या रानाचा, करपलेल्या तव्याचा, शेळीच्या पाठीवरच्या केसांचा फोटो स्वतः काढायचा आणि त्यावर बाकीचा इमला उभा करायचा. शिवहार म्हणायचा, एवढं कोण बघतं? ती म्हणायची, मी बघते. यापुढे दोघांचं भांडण कधी गेलं नाही.

पुढे एकदाचा शिवहार कबूल झाला, की निताच्या कामावर निताची सही जाईल. तळाला काय घालायचं याचा तिला विचारही करावा लागला नाही. तिच्या आईला, धुरपताबाईला, लिहिता येत नव्हतं. आईची सही म्हणजे अंगठा. त्याच्या रेघा मोठ्या करायच्या आणि त्यांच्यावर आपलं नाव चढवायचं, असं तिनं ठरवून टाकलं.

बाजाराच्या दिवशी धुरपताबाई तांड्यावरून आली, नेहमीसारखी गव्हाची पिशवी घेऊन. नवरा गेल्यापासून ती तांड्यावर एकटी राहायची; निता कळमनुरीत खोली करून होती. रेशन कार्डावर आईचं एकटीचंच नाव उरलेलं, तरी आपल्या वाटणीचे गहू दर महिन्याला लेकीला पोचवायचे हा तिचा नेम होता. पूर्वी निता कुरकुर करायची, की रेशनच्या गव्हात खडेच फार. अलीकडे गहू चांगला येत होता, आणि तिनं तो आईजवळ वाखाणलाही होता.

शाईच्या पॅडवर टेकवून अंगठा कागदावर उठवला, तर नुसता काळा डाग. शाई जास्त झाली असेल म्हणून पुसून पुन्हा घेतला. पुन्हा डागच. मग नितानं आईचा अंगठा सरळ स्कॅनरच्या काचेवर ठेवला आणि चित्र पडदाभर मोठं केलं.

अंगठ्याला रेघाच नव्हत्या. वरवंट्यासारखा गुळगुळीत, मध्ये विळ्याचे दोन वण आणि कडेला चिरा. स्कॅनर बिघडला म्हणून तिनं स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. तिच्या रेघा लख्ख उठल्या.

"याडी, तुझ्या अंगठ्याला रेघा न्हाईत," ती म्हणाली.

याडी म्हणजे आई. आईला त्याचं काही वाटलं नाही. "रेशनचं मशीन बी हेच म्हनतंय," ती म्हणाली.

मग एकेक गोष्ट बाहेर आली, तीही निता खोदून विचारत राहिली म्हणून. पाच महिने मशीननं अंगठा घेतला नव्हता आणि पाच महिने धान्याचा दाणा मिळाला नव्हता. या महिन्यात बोट जुळलं नाही तर नाव कटेल, असं दुकानदार मुंजाजीनं बजावलं होतं. आणि हे गहू? ते लोकांच्या रानात गहू कापून, रोजाच्या बदल्यात घेतलेले. पोतंभर मिळाले, त्यातलेच ती थोडे थोडे आणत होती.

याच विळ्यानं रेघा गेल्या, आणि ते गहू आपण वाखाणून खाल्ले, हे निताच्या डोक्यात मावेना. तिला आईचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"चार-चार बार पुसून अंगठा लावायचा, आन समद्यांसमोर मशीननं न्हाई म्हनायचं. मला वाटलं, माझंच काई चुकून राहिलं. शरम वाटली."

नितानं आईची दहाही बोटं एकेक करून काचेवर ठेवली. दोन्ही अंगठे गेलेले. त्यांच्या शेजारची बोटं गेलेली. मधल्या बोटांवर तुटक तुटक काहीतरी. डाव्या करंगळीशी ती थांबली. तिथं रेघा होत्या, बारीक पण सलग. त्या दिवशी तिनं दुसरं काम केलंच नाही. आईबरोबर तांड्यावर गेली.

सकाळी रेशन दुकानात मुंजाजीनं सवयीनं धुरपताबाईच्या अंगठ्याला हात घातला. नितानं तो बाजूला केला आणि आईची डावी करंगळी मशीनवर दाबून धरली. रांगेतली माणसं मान उंचावून पाहायला लागली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावर नाव आलं.

मुंजाजी शांतपणे म्हणाला, की आधार काढताना दहाही बोटं घेतलेली असतात, कोणतंही चालतं. मग पाच महिने हे का सांगितलं नाही, असं नितानं विचारलं. तो म्हणाला, बाई येऊन अंगठाच पुढं करायच्या, मग मी तोच लावायचो.

धुरपताबाईला हे पटेना. तिनं त्याला दोनदा विचारलं, कोनतंबी चालतंय? तो दोनदा हो म्हणाला. ती खाली बसली आणि करंगळी दुसऱ्या हातात धरून बघत राहिली. बँक, तहसील, पोरीच्या शाळेचा दाखला, नवऱ्याच्या मरणाचा कागद, जिथं गेली तिथं तिला एकच गोष्ट मागितली गेली होती.

"आमाला कोनी दुसरं बोट मागितलंच न्हाई," ती म्हणाली.