नाव जुळत नाही

राठोड सर गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी आधी नंबर तपासला. अनोळखी होता. खाली त्यांच्या तांड्याचं नाव, अंत्यविधीची वेळ. तरी पटेना... सरांच्याच नंबरवर फोन केला. मुलीने उचलला. "पप्पा गेले हो ताई." तेव्हा कुठे विश्वास बसला. त्याला आता पाच आठवडे झाले.

उमरखेडच्या एका खासगी दवाखान्यात कॉम्प्युटरचं काम आम्ही दोघं बघायचो. पेशंटचे रिपोर्ट इथल्या सर्व्हरवर साठत आणि त्यांची प्रत लगेच घाटंजीच्या शाखेतल्या सर्व्हरवर जाई, वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून एन्क्रिप्ट होऊन. ही सगळी मांडणी सरांची. ते माझ्याशी वऱ्हाडीत बोलत, घरच्यांशी फोनवर गोरबोलीत, त्यांच्या बंजारा बोलीत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी. त्यांची गोरबोली सुरू झाली की मला वाटायचं, माझ्याबद्दलच चाललंय.

एका सोमवारी घाटंजीची प्रत थांबली. शनिवारी सरांनी सर्व्हरचं नवं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, बसवलं होतं. ते पटल्याशिवाय पलीकडचा सर्व्हर काही घेत नाही. तिकडे ऑपरेशनसाठी आणलेल्या बाईचा रक्ताचा रिपोर्ट दिसेना. शेवटी तो फोनवर वाचून दाखवावा लागला. मी लॉग, म्हणजे सर्व्हरवर कुणी काय केलं त्याची नोंद, उघडायला गेले.

"मॅडम, हात नोका लावू. मी पाहून राह्यलो न."

"मी फक्त बघतेय, सर."

"मंग बघा. पण सीआयडीवानी कायले बघता?"

जेवणाच्या सुट्टीत ते बाहेर गेल्यावर मी बघितलंच. सकाळी त्यांनी एन्क्रिप्शन बंद करून घाटंजीला जोडणी केली होती. रिपोर्ट उघडे पाठवतायत? कुणासाठी? मी व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये जाऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. तासाभरात सरांचं लॉगिन बंद झालं.

थोड्या वेळाने ते माझ्या टेबलापाशी आले. "आता तुमच्याच लॉगिननं पाहा लागते. माह्यावालं साहेबानं बंद केलं. काहून, ते सांगतलं नाही." मी पासवर्ड टाकेपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग समजावत गेले. सकाळची जोडणी रिकामी होती, चाचणीपुरती. ती लागली म्हणजे लाइन ठीक, दोष ओळखपत्रातच. त्यांनी दोन्हीकडची नावं एकाखाली एक उघडायला लावली. घाटंजीला नोंदवलेलं उमरखेड 'यू-एम-ई-आर', सरांच्या शाळेच्या दाखल्यावर होतं तसं. सर्टिफिकेटवरचं 'यू-एम-ए-आर'. सर्टिफिकेटचा अर्ज मी भरला होता. त्यांचं स्पेलिंग चुकलंय असं ठरवून, न विचारता, सुधारून.

"हे कॉन्व्हेंटचं उमरखेड हाये," सर हसले. "घाटंजीवाले याले कसे ओळखतीन?"

मी सॉरी म्हटलं... स्पेलिंगबद्दल. केबिनबद्दल नाही.

लॉगिन त्यांना परत मिळायला चार महिने लागले. तोवर ते रोज माझ्याकडे येत, पासवर्डच्या वेळी भिंतीकडे वळत, आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत राही. यांना कळलंय का?

मागच्या आठवड्यात सर्टिफिकेट नवं करायची वेळ आली. सध्याचं सरांनी त्या सोमवारनंतर बनवलेलं. उघडलं, तर त्यात दोन नावं. 'ई'चं उमरखेड आणि त्याखाली 'ए'चं. 'ए'च्या नावाने कुठलाच सर्व्हर विचारत नव्हता. मी पुन्हा सुधारायला जाईन म्हणून ठेवलं? की मला टोमणा?... मी उठून केबिनमध्ये गेले.

"राठोड सरांबद्दल मी सांगितलं होतं ते चुकीचं होतं," मी म्हटलं.

व्यवस्थापकांनी चष्मा काढला. "ते तेव्हाच आले होते ना विचारायला. तुमचं नाव सांगितलं मी त्यांना."

"तेव्हाच म्हणजे?"

"बंद केल्या केल्या. म्हणाले, लॉगात दिसलं तर पोरीनं सांगाच लागते. आणि गेले तुमच्याकडे."

मी जागेवर आले. नव्या अर्जात दोन्ही नावं भरली, त्यांचं वर, माझं खाली.