असीलाची मादी

मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. आमचे हे जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. फोटोला हार मीच घालते, आणि हार घालता घालता एखाद्या दिवशी ती कोंबडी आठवली की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. सुना तोंडाला पदर लावून हसतात. कोंबडीपायी एवढा राग? हो, एवढाच राग. त्यात मी एक चमचाही कमी करणार नाही.

माझं माहेर मालवणच्या बाजूचं. बाबांकडे असील कोंबड्या होत्या. उंच, ताठ मानेच्या, पिसं थोडी पण अंगाला घट्ट बसलेली, तुरा वाटाण्याएवढा. झुंजीसाठी नर मागायला लोक लांबून यायचे. बाबा नर द्यायचे. कधी पैसे घेऊन, कधी मैत्रीखातर. मादी मात्र मामलेदार दारात आला तरी द्यायचे नाहीत. अंडंसुद्धा नाही. नर कुठेही गेला तरी जात आपल्या खुराड्यात राहते, मादी गेली की जात गेली, असं ते म्हणायचे. असीलाची मादी घराबाहेर पडायची ती फक्त लेकीबरोबर. माझ्या लग्नात दागिने बेताचेच होते, पण मुंबईच्या बोटीत माझ्या पायाशी एक डालगं होतं आणि त्यात एक नर नि एक मादी. बोटीवरच्या बायकांनी नाकं मुरडली. मी ताठ बसून होते.

पुढच्याच वर्षी बाबा गेले आणि भावाने सगळं खुराडं मोडून टाकलं. त्याला त्या व्यापात रस नव्हता. म्हणजे बाबांच्या हातचं जे काही उरलं होतं ते अंधेरीला, आमच्या चाळीच्या मागच्या अंगणात उरलं होतं. हे मी सासरी सगळ्यांना सांगितलं होतं. एकदा नाही, दहादा. आमच्या ह्यांनी तर मान डोलावून ऐकलं होतं. मान डोलावणं हा त्यांचा हातखंडा.

अंधेरीला तेव्हा मोकळी जागा होती. बैठ्या चाळीमागे ताडाची झाडं, पलीकडे भातखाचरं. सासरेही गिरणीतून घरी बसलेले, त्यांना कोंबड्यांची सोबत आवडायची. सासूबाई मात्र पहिल्यापासून मादीच्या विरोधात. चूक त्यांची नव्हती म्हणा. असील अंडी थोडी घालते आणि लगेच खुडूक होते. एकदा खुडूक झाली की अंडी घालणं बंद, नुसती उबवत बसणार. जवळ गेलं की फुगून दुप्पट होणार. सासूबाई कंबरेवर हात ठेवून तिच्याकडे बघायच्या नि म्हणायच्या, "ही कोंबडी हा काय म्हायारवाशीण? धा अंडी घालता नि म्हयनोभर बसान खाता!" खुडूक मोडायला त्यांचे दोन उपाय होते. कोंबडी थंड पाण्यात बुडवायची, नाहीतर तिच्या नाकातून पीस आरपार घालायचं. माझ्या कोंबडीला हात लावलात तर मी जेवणार नाही, असं मी सांगितलं, आणि एक वेळ खरंच जेवले नाही. तेव्हापासून त्या नुसतं बोलून गप्प बसायच्या.

पहिल्या खेपेची पिल्लं बघायला सगळी चाळ जमली होती. दुसऱ्या जातीची पिल्लं ज्या वयात आईच्या पंखाखालून बाहेर यायला घाबरतात, त्या वयात ही छातीला छाती भिडवून उभी. बोटाएवढी मान, पण ती वर करून दुसऱ्याच्या डोळ्यावर टोच. रक्त निघालं तरी मागे हटणार नाहीत. दोघांना उचलून वेगवेगळ्या डालग्यांखाली झाकावं, तर बांबूच्या फटीतून एकमेकांकडे बघत उभी राहायची. आणि तेच पिल्लू हातात घेतलं की तळहातावर डोळे मिटून झोपायचं. आपसांत वाघ, पण पोसणाऱ्या हातापुढे गाय. मला त्याचं फार कौतुक होतं, कारण आमच्या घरात उलटा प्रकार होता. हे कारखान्यात मालकापुढे गाय, आणि घरी आले की पाणी द्यायला उशीर झाला म्हणून वाघ.

ती पिल्लं मानमोडीत गेली. एकामागून एक माना वाकड्या करून पडली, मला काही करता आलं नाही. नर आणि मादी तेवढी वाचली. मग नणंदेचं लग्न झालं आणि जावई पहिल्यांदा घरी जेवायला आले. जावयाला कोंबडी-वडे तर हवेतच, आणि घरात एवढा थोरला कोंबडा असताना बाजारातून कशाला आणायचा? मी नळावरून येईपर्यंत सासूबाईंनी तो कापून घेतला होता. मी रडले, वडे थापले, वाढलं. असीलाचं मांस चिवट असतं, कितीही शिजवा. जावई प्रत्येक घास चावून चावून दमले, तेवढंच मला बरं वाटलं.

पण कोंबडीच्या पोटात त्या नराची अंडी अजून होती. ती तिने घातली आणि खुडूक बसली. त्या अंड्यांत त्या नराचं जे काही असेल तेवढंच आता शिल्लक, हे मी ह्यांना समोर बसवून सांगितलं. म्हटलं, यातून एक नर नि एक मादी निघाली तरी जात टिकेल. ह्यांनी मान डोलावली.

कारखाना साकीनाक्याला होता. मालकांनी बंगल्यावर विलायती पांढऱ्या कोंबड्या आणल्या होत्या. त्या वर्षभर अंडी घालतात पण खुडूक म्हणून कधी बसत नाहीत, त्यामुळे पिल्लं काढायची पंचाईत. मालक हे कारखान्यात सहज बोलले. सहज! आणि आमचे हे पुढे सरसावले, की साहेब, आमच्याकडे आहे ना एक, सदा बसलेलीच असते.

मी बोरिवलीला मावसबहिणीच्या मुलीच्या बारशाला गेले होते, रात्री तिथेच राहिले. थंडीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आले, चप्पल काढायच्या आधी खुराड्यात डोकावले, तर गवतावर माझी अंडी उघडी पडलेली. हात लावला, गार. कोंबडी नाही.

"तुझ्या घोवान नेल्यान गो," सासूबाई आतूनच म्हणाल्या. "काल सकाळीच. शेटाक व्हयी होती."

पिल्लं बाहेर यायला थोडेच दिवस उरले होते. हे ह्यांना माहीत होतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं सोपं असतं; वस्तू बायकोची, बायकोच्या बापाची, आणि दानशूर हे! माझ्या बाबांनी मामलेदाराला दिली नसती ती मादी ह्यांनी न मागता देऊन टाकली होती, आणि तीही चढत्या उन्हात, पिशवीत कोंबून. खुडूक कोंबडी दिवसाउजेडी हलवत नाहीत, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

मी सगळी अंडी ओटीत घेतली, वरून पदर गुंडाळला, पोटाची ऊब लागेल अशी घट्ट बांधली, आणि चालत निघाले. बंगला स्टेशनपलीकडे, जुहूच्या रस्त्याला. वाटेत ओळखीच्या एकीने ओटीकडे बघून हसत विचारलं, "काय गं, गोड बातमी का?" मी ओटी आणखी आवळून धरली नि पुढे झाले.

मालकीणबाई व्हरांड्यात होत्या. मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, माझी कोंबडी न्यायला आले आहे.

"पण ती तर दिली ना आम्हाला?" त्या म्हणाल्या. "तुमचे मिस्टर म्हणाले, ठेवूनच घ्या."

ठेवूनच घ्या. उसनीसुद्धा नव्हती दिलेली.

कोंबडी गॅरेजशेजारच्या खोलीत एका खोक्यात होती. पांढऱ्या अंड्यांवर बसली होती, पण कशीबशी, अर्धी उठलेली. मी हात घातला तर टोच मारली, मग आवाज ओळखून गप्प झाली. मी पांढरी अंडी एकेक करून काढून बाजूला ठेवली आणि ओटीतली तिच्याखाली सरकवली. मालकीणबाई दारात आल्या. "अहो, मग आमच्या अंड्यांचं काय?"

"तुमच्या कोंबड्यांना सांगा बसायला," मी म्हटलं.

त्या काही वाईट बाई नव्हत्या. चहा पाठवला. मी घेतला नाही. आता उठवली तर पुन्हा बिथरणार, म्हणून अंधार पडेपर्यंत मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. कारखान्यातून मालकांबरोबरच हेही आले, कोणीतरी निरोप पाठवला असावा. घामाघूम झाले होते.

"घरी चल. माझी नोकरी घालवतेस का?" दात ओठ खाऊन, हळू आवाजात. मालकांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"अंधार पडल्यावर चालते. तिला उजेडात हलवत नाहीत."

"मालक काय म्हणतील?"

मालक मागोमाग आलेच. त्यांनी खोलीत डोकावून बघितलं, हसले, म्हणाले, "न्या हो, न्या. मी आपलं बोललो होतो." आणि आत निघून गेले. एवढंच. ज्याच्यासाठी माझं सगळं उधळलं त्याला ते नकोही होतं. नोकरी गेली नाही, पगार वाढला नाही, कुणी पुन्हा विषयसुद्धा काढला नाही.

अंधारात खोका डोक्यावर घेऊन मी आणली. हे पुढे पुढे चालत होते, ओळख नसल्यासारखे. कोंबडी घरी नीट बसली. दिवस भरले, वर चार दिवस गेले, ती उठेना. जेवणाखाण्यावाचून तिचं हाड न् हाड हाताला लागायला लागलं. शेवटी मी कोमट पाण्यात अंडी सोडली. आत जीव असला तर अंडं पाण्यावर हलतं. एकही हललं नाही.

हे जेवत होते. मी सांगितलं. भात कालवता कालवता म्हणाले, "जाऊ दे गं. अंडीच ती. घालेल परत."

नर नव्हता. बाबा नव्हते, बाबांचं खुराडं नव्हतं. घालेल परत!

मी परात आणून त्यांच्या पानाशेजारी ठेवली, अंडी समोर ठेवली. "फोडा," मी म्हटलं.

"वेड लागलंय का तुला?"

"फोडा."

लग्नानंतर मी त्यांना असं पहिल्यांदाच काही सांगत होते. सासूबाई पान सोडून आत निघून गेल्या. ह्यांनी हसल्यासारखं केलं आणि एक अंडं परातीच्या काठावर आपटलं. आत पूर्ण पिल्लू होतं. ओली पिसं, पोटाशी मुडपलेले लांब पाय, पंखाखाली घातलेली मान. दुसऱ्यातही तसंच. ह्यांचं हसू गेलं. तिसरं फोडलं आणि त्यांचा हात थांबला. त्या पिल्लाने आतून टरफलाला चोच लावलेली होती.

"पुरे," ते म्हणाले.

मी चौथं त्यांच्या हातात दिलं.